वकीलपत्रावर सही करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवणाऱ्या वकिलांची पूर्वीची कामगिरी आणि अनुभव दावेदाराला वकीलपत्रावर सही करण्याआधी कळला पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी सत्तावीस वर्षे एका विमा कंपनीच्या दावा विभागात काम करून निवृत्त झालो. समोरच्या बाजूचे शेकडो वकील मी पाहिले, आणि वकील कोण आहे यावर दाव्याची रक्कम किती हलते हे मला नोकरीतच कळले होते; ते घरातही अनुभवावे लागेल असे वाटले नव्हते.

माझे मेव्हणे टेम्पोचालक होते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वॉर्डात पडून असतानाच एका अनोळखी माणसाने ‘पैसे मिळाल्यावरच पंचवीस टक्के द्या’ असे सांगून वकीलपत्रावर आणि दोन कोऱ्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या. मी तेव्हा नागपूरला लेकीकडे होतो. मला कळले तोवर दावा दाखल झाला होता, आणि त्या कोऱ्या कागदांच्या धास्तीने घरचे वकील बदलायला तयार होईनात. ज्यांच्या नावाचे ते वकीलपत्र होते, ते वकील मुख्यतः भाडेकरार आणि घरांच्या दस्तनोंदणीचे काम करणारे होते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रात ६० टक्के लिहिले होते, म्हणून त्यांनी कमाईचे नुकसानही ६० टक्केच मागितले आणि डॉक्टरांना साक्षीला बोलावलेच नाही.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे की, शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: डावा हात गमावलेला कारकून काम करू शकेल, पण चालक किंवा सुतार असेल तर त्याची रोजीरोटीच जाते. महिना १८,००० रुपये उत्पन्न आणि २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे या वयाला लागणारा १४ चा गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणायचे तो) धरला, तर पूर्ण नुकसान ३०,२४,००० रुपये होते, आणि ६० टक्क्यांनी ते १८,१४,४०० वर येते. भविष्यातील उत्पन्नवाढ यात धरलेलीच नाही. बारा लाखांहून अधिक रकमेचा हा फरक एका साक्षीदाराच्या अभावी पडला. आता उच्च न्यायालयात अपील आहे, आणि ते चालवणाऱ्या वकीलबाई पूर्वी दहा वर्षे विमा कंपन्यांच्या पॅनेलवर, म्हणजे कंपन्यांच्या बाजूने दावे लढवणाऱ्या वकिलांच्या यादीत, होत्या. कोणत्या कंपन्यांसाठी काम केले, हे त्यांनी पहिल्याच भेटीत आपण होऊन सांगितले. असा अनुभव दावेदाराच्या फार उपयोगाचा असतो, कारण कंपनीचे वकील कोणता कागद मागणार आणि कुठे गप्प बसणार हे अशा वकिलाला आधीच ठाऊक असते.

अनुभव म्हणजे मोठ्या महाविद्यालयाची किंवा परदेशाची पदवी, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. माझ्या पाहण्यातले एक उत्तम वकील आधी बेस्टमध्ये वाहक होते आणि नोकरी सांभाळून कायदा शिकले होते. बसमधून उतरताना पडलेल्या एका वृद्धेच्या दाव्यात त्यांनी वाहकाला उलटतपासणीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: बस सोडायची डबल बेल दिली तेव्हा बाईंचे दोन्ही पाय जमिनीवर होते का? आमच्या बाजूची तयारी त्या एका प्रश्नाने कोलमडली. रेल्वेचे दावे तर वेगळ्याच न्यायाधिकरणापुढे चालतात. लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास आठ लाखांची भरपाई असते, आणि केवळ तिकीट सापडले नाही म्हणून मृत व्यक्ती प्रवासी नव्हती असे ठरत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालात आले आहे. मोटार अपघातात मुरलेल्या वकिलालाही हे काम नव्याने शिकावे लागते.

वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु वकिलांचे नियमन करणाऱ्या भारतीय बार कौन्सिलने आपल्या नियम ३६ मध्ये २००८ साली केलेल्या बदलानुसार वकील आपल्या संकेतस्थळावर नाव, संपर्क, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देऊ शकतो. मग हीच माहिती वकीलपत्रासोबत एका पानावर, मराठीत, अपघाताचे दावे किती वर्षे चालवले आणि विमा कंपन्यांशी संबंध होता का या दोन ओळी जोडून का देऊ नये? दाव्याच्या रकमेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियम २० ने निषिद्ध आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने वकिलांना अशील मिळवून देण्याच्या दलालीसाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद वकील कायद्यात आली आहे, हेही त्याच पानावर छापावे.

माझी विनंती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला आणि विधी सेवा प्राधिकरणाला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि अपंग व्यक्ती उत्पन्न न पाहता मोफत वकिलास पात्र आहेत, म्हणजे अपघातात नवरा गमावलेली बाई आणि माझे मेव्हणे, दोघेही. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील कोणते वकील मोटार अपघाताचे आणि कोणते रेल्वेचे दावे चालवतात, याची यादी केईएम, सायन, राजावाडी, कूपर येथील अपघात विभागांबाहेर मोठ्या अक्षरांत लावावी. दलाल वॉर्डात दुसऱ्याच दिवशी पोहोचतो, म्हणून ही यादीही तिथेच हवी.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
मुलुंड (पूर्व), मुंबई