डबा तसाच परत आला

मनू,

व्हॉट्सॲपवर एवढं लांब टाकलं तर तू थंब्स अप देऊन मोकळी होशील, म्हणून मेल करतेय. निवांत वाच, परीक्षा झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

परवा तू वॉकआउटला, म्हणजे वर्ग सोडून निषेध करायला, गेलीस हे मला कसं कळलं माहितीये? शाळेचा रेकॉर्डेड फोन नंतर आला, आधी तुझा डबा उघडला तर मेथीचा पराठा जसाच्या तसा. आणि मी जी चिडले ती वॉकआउटवर नाही गं, तू सांगितलं नाहीस ह्यावर, तर तू म्हणालीस, सांगितलं असतं तर सोडलं असतंस का? गप्प बसले कारण नसतंच सोडलं.

मग शनिवारी ग्रोसरीला जाते म्हणून मी गाडी काढली ना, ती फार्मविलला गेले होते, बार्बरा जॉन्सची शाळा बघायला. व्हर्जिनियातलंच छोटं गाव, आपल्या रिचमंडपासून सव्वा तास. म्हणजे मीपण लपवलंच, आता तू मला बोल.

वेगळ्या शाळांच्या काळात काळ्या मुलांचा संप घडवणाऱ्या ह्या बार्बरावर तू आठवीत पोस्टर केलं होतंस, ग्लिटर माझ्या कार्पेटमधून अजून निघतोय. पण त्या मोटन हायस्कूलच्या (आता तिथे म्युझियम आहे) हॉलमध्ये उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. १९३९ ची फक्त काळ्या मुलांची शाळा, १८० मुलांसाठी बांधलेली आणि १९५१ मध्ये आत साडेचारशेच्या आसपास कोंबलेली, मग काउंटीने काय केलं तर आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्या उभ्या केल्या, पावसात गळायच्या, थंडीत शेगडीजवळचा पोरगा भाजतोय आणि खिडकीजवळचा कोट घालून कुडकुडतोय. गोऱ्या मुलांच्या शाळेत सगळं नीट. बार्बरा एक दिवस डबा घरी विसरली (हो, डबाच!), तो आणायला परत घरी गेली तेवढ्यात बस चुकली, रस्त्यात उभी असताना गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस समोरून निघून गेली. तिने एका टीचरकडे तक्रार केली तर त्या म्हणाल्या, मग तूच काहीतरी कर की. आधी ती खट्टू झाली, मग खरंच करायला घेतलं.

कित्येक महिने चार-पाच जणांनी गुपचूप ठरवलं. २३ एप्रिल १९५१ ला कोणीतरी प्रिन्सिपॉलना फोन केला की तुमची मुलं बसस्टँडवर भानगडीत सापडलीयेत, ते बिचारे धावले, इकडे त्यांच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या वर्गावर्गात, सगळे हॉलमध्ये या. पडदा उघडला तर स्टेजवर १६ वर्षांची बार्बरा. टीचर लोकांना बाहेर जायला सांगितलं, पायातला बूट काढून आपटला. आणि तिची धाकटी बहीण जोन समोर बसलेली, तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, ती घाबरून खुर्चीत खाली खाली सरकत गेली. मला सगळ्यात जास्त जोनच आठवत राहिली बघ, घरातल्या घरात सुद्धा कळू दिलं नव्हतं.

दोन आठवडे संप चालला. एनएएसीपी ह्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील आले ते मुलांची समजूत काढून शाळेत परत पाठवायला, पण ह्यांना बघून त्यांचंच मन बदललं, फक्त म्हणाले, नवी इमारत मागायची असेल तर आम्ही नाही, वेगळ्या शाळाच नकोत असं मागायचं असेल तर केस घेतो. आईबापांनी हो म्हटलं. ११७ मुलांच्या नावाने केस, पहिलं नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचं. तीच केस पुढे सुप्रीम कोर्टातल्या ब्राउन खटल्यातल्या पाचांपैकी एक, १७ मे १९५४ चा निकाल, सरकारी शाळांत गोरे-काळे वेगळे ठेवणं घटनेविरुद्ध.

तुझ्या पोस्टरवर इथेच दि एंड होता. पण १९५९ मध्ये कोर्टाने आता एकत्र शाळा करा म्हटल्यावर फार्मविलच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने सरकारी शाळांचे पैसेच बंद केले. १९६४ पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, काळ्या मुलांतली काही नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात गेली, काहींना चर्चच्या तळघरात थोडंफार शिकवलं, बऱ्याच जणांची शाळा कायमची सुटली. १९५१ ला जे पाळण्यात होते ते ह्यात भरडले. म्युझियममध्ये हे सगळं मांडलंय त्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभी होते. बार्बराने चूक केली असं मला एक सेकंदही वाटत नाही, पैसे बंद करणारे कोण ते स्पष्ट आहे, तरी पोटात खड्डा पडला.

संपानंतर बार्बराला घरच्यांनी तिचे काका व्हर्नन जॉन्स ह्यांच्याकडे अलाबामातल्या माँटगोमेरीला पाठवून दिलं, ते पास्टर, त्यांच्यानंतर त्याच चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आले. जीव वाचावा म्हणून पाठवलं, पण शेवटचं वर्ष लेक घरात नाही. मी आईच आहे, मला ती बॅग भरणारी बाई दिसते. पुढे बार्बरा लायब्ररियन झाली, फार बोलायची नाही म्हणे ह्या सगळ्याबद्दल.

आणि एक, भारतासारख्या देशांतल्या लोकांना अमेरिकेचं दार उघडणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदा ह्याच चळवळीच्या हवेत झाला, तो नसता तर तुझे आजोबा इथे आलेच नसते. हे बाबाला सांगू नकोस, परत अर्धा तास लेक्चर देईल.

पुढच्या वेळी जायचं असेल तर आधी सांग. सोडेनच असं लिहून देत नाही, भांडू आपण. पराठा रात्री मीच खाल्ला, लोणच्याबरोबर.

आई