आधी बेसिन बघ

लालबाग, रविवार

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आयसीयू सोडून म्हाताऱ्यांच्या केंद्रात इन्फेक्शन कंट्रोल बघायला गेलो तर लोक म्हणतील, झेपलं नाही." तेव्हा कुकर लावलेला होता, बोलता आलं नाही.

आजी शेवटचे चार महिने जिथे होती ती जागा आठव. फिनेलचा वास, दारात सॅनिटायझर, आणि तिची लघवीची पिशवी फरशीवर लोळतेय. लादी पुसायची म्हणून मावशी ती उचलून पलंगावर ठेवायच्या, म्हणजे साचलेली लघवी उलटी मूत्राशयाकडे. मी चौतीस वर्षं सिस्टर! दोनदा दरडावून सांगितलं, दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना जवळ बोलावलं, पिशवी वर धरली आणि नळीतली लघवी मागे सरकताना दाखवली. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. त्यांनीच कुठूनसा हूक आणून पलंगाच्या खालच्या दांडीला लावला. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. आधीचे दोन दिवस मी नुसती सिस्टरगिरी केली होती.

डॉक्टरांशीही वाजेल. लघवी गढूळ दिसली की जंतू शोधायला कल्चर तपासणी, जंतू आले की अँटिबायोटिक, हे सगळीकडे चालतं. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं असं काही नसेल तर औषध कशाला? त्यापेक्षा "कॅथेटर अजून हवाय का?" हे रोज विचार. वाईटपणा येईल, येऊ दे.

आणि तिथला माणूस पेशंट म्हणून आठ दिवसांत घरी जात नाही, ते त्याचं घरच असतं. खरूज निघाली म्हणून एखाद्या आजोबांचा कॅरम महिनाभर बंद ठेवणार का? पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला 2 ते 6 आठवडे जातात. म्हणून खाज नसली तरी त्यांच्या संपर्कातल्या सगळ्यांना, मावशी-वॉर्डबॉय धरून, एकाच वेळी परमेथ्रिनचं मलम लावायचं, त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात. आजोबा लवकर पटावर येतात.

करिअरचं म्हणशील तर अमेरिकेत 2019च्या नोव्हेंबरपासून नर्सिंग होमला असा प्रशिक्षित माणूस ठेवावाच लागतो. (त्यांचं नर्सिंग होम म्हणजे वृद्धांचं राहण्याचं ठिकाण, आपल्या गल्लीतलं बाळंतपणाचं नव्हे.) आपल्याकडे एनएबीएचमुळे (हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) हॉस्पिटलांत इन्फेक्शन कंट्रोल नर्स आली, वृद्धांच्या केंद्रांत अजून शोधावी लागते. आयसीयूतला अनुभव वाया जाणार नाही. पगाराचं मात्र नीट बोलून घे, तिथे भिडस्तपणा नको.

मुलाखतीला गेलास की केबिनमध्ये बसण्याआधी हात धुवायला म्हणून आत जा. साबण आहे का, की हात पुसायला सगळ्यांत मिळून एकच ओला टॉवेल लटकतोय? रात्री फोन कर.

तुझी आई