तारीख न सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी शाहू स्टेडियमवर मी पूर्ण सामनाभर गोलपोस्टमध्ये उभा राहिलो आणि सोमवारी सकाळी वाकून बुटांच्या नाड्या बांधून वेळेवर पतसंस्थेत कामाला गेलो. या दोहोंपैकी दुसऱ्या बातमीने आपल्याला अधिक समाधान वाटेल, हे आता मला कळते. माझ्या कंबरेवर व्यायामाने उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट म्हणून हे पत्र आपल्याला आहे, पण ते आपल्या हाती न देता सर्वांसमोर लिहितो आहे, कारण आमच्या पेठेतली खेळणारी मुले कंबरेचे दुखणे लपवतात आणि लपवणे अशक्य झाले की मी जे केले तेच करतात.

मी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जानेवारीत कॉर्नरवरून आलेला खालचा चेंडू अडवताना अंग पिळवटून डावीकडे झेपावलो, तेव्हा काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी तोंड धुण्यासाठी वाकलो आणि उसण भरली. ओळखीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी तेल लावून कंबर मळली, दुसऱ्यांनी पालथे निजवून पाठीवर पाय दिला, आणि चौथ्या दिवशी कळ डाव्या पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. एमआरआय झाला, दोन मणक्यांमधली ‘गादी सरकली’ असे घरीदारी जाहीर झाले, आणि मी तीन आठवडे अंथरुणावर पडून राहिलो. इतके दिवस निजून राहिल्याने दुखणे बरे होत नाही, उलट पाठीचे स्नायू तेवढे दुबळे होतात, हे आपल्याकडून समजेपर्यंत ते घडून गेले होते.

पहिल्या भेटीत आपण रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलेले प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटले होते: लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का, जांघेत बधिरपणा आहे का, चालताना पाऊल घासते का. मग टाचांवर चालवलेत, चवड्यांवर चालवलेत, पायाचा अंगठा आपल्या बोटाच्या विरोधात वर उचलायला लावलात. पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले असते किंवा पायातली ताकद घटत चाललेली दिसली असती, तर व्यायाम न देता आपण मला त्याच दिवशी शल्यविशारदांकडे धाडणार होता. आमच्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाला निदान हे प्रश्न तरी पाठ असावेत, असे मला वाटते.

मग आपण गादीची गोष्ट समजावलीत. ती पलंगावरच्या उशीसारखी सरकत नाही, वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. तिचे बाहेरचे कडे एका जागी कमकुवत झाले की आतला मऊ भाग फुगतो, शेजारची नस चिडते आणि पाय दुखतो. बऱ्याच रुग्णांत हा फुगलेला भाग काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना आक्रसतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा दाखला देऊन आपण सांगितलेत की पाठीची काहीही तक्रार नसलेल्या तिशीतल्या माणसांपैकीसुद्धा साधारण 40 टक्के जणांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. मी 31 वर्षांचा. त्या एका आकड्याने माझी निम्मी भीती गेली, आणि औषधाच्या कोणत्याही गोळीने ती गेली नव्हती.

सुरुवातीचा व्यायाम इतका साधा होता की मला फसवणूक वाटली: पालथे झोपणे, मग कोपरांवर छाती उचलणे, मग हात सरळ करणे. शेजारच्या काकांनी ‘हे तर भुजंगासन’ म्हणून निकाली काढले. परंतु आपण पोटरीतली कळ कुठवर येते ते रोज वहीत लिहायला लावले होते, आणि दोन आठवड्यांत ती पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात मागे सरकली. कंबर त्या काळात थोडी जास्तच दुखली. पायातले दुखणे कंबरेकडे परतणे हे चांगले लक्षण आहे, असे आपण आधी बजावले नसते तर मी तिथेच थांबलो असतो. हाच व्यायाम सर्वांना लागू पडत नाही, काहींना उलट पुढे वाकण्याने आराम पडतो, हेही आपण बजावले होते. म्हणून तो पाहून घरी करू नये, एवढे वाचणाऱ्यांना सांगतो.

मी दर भेटीत ‘कधी खेळू?’ असे विचारत असे आणि आपण कधीही तारीख दिली नाहीत. त्याऐवजी अटी दिल्यात. दोन्ही कुशींवरचा प्लँक, म्हणजे एका कोपरावर अंग सरळ तोलून धरणे, सारख्याच सेकंदांचा झाल्यावर धावणे. पाठीला काठी लावून, डोके, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेले ठेवून खुब्यातून नीट वाकता आल्यावर वजन उचलणे. व्यायाम करताना दुखणे दहापैकी तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या सकाळी वाढलेले नसले, तरच पुढची पायरी. रंकाळ्याच्या काठाने एक मिनिट धावून दोन मिनिटे चालणारा मी, शेजारून आजोबा पुढे निघून जात असताना किती ओशाळत असे, ते आपल्याला सांगितले नव्हते.

सातव्या आठवड्यातली लबाडी मात्र येथे कबूल करतो. गांधी मैदानावर पोरांनी आग्रह केला म्हणून मी अर्धा तास गोलकीपर म्हणून उभा राहिलो, तीनदा झेपावलो आणि आपल्याला काही बोललो नाही. पुढच्या भेटीत मी बूट काढायला बसलो, तेव्हा डावा पाय उचलण्याची माझी पद्धत पाहूनच आपण विचारलेत, ‘कुठे खेळलात?’ आपण रागावला नाहीत. वही उघडून दोन पायऱ्या खाली उतरवलेत आणि त्या दिवशी प्रथमच गोलकीपरसाठी वेगळी शिडी लिहून दिलीत: गुडघ्यांवर बसून जाड मॅटवर पडणे, मग उकिडवे बसून, मग उभ्याने, मग आपल्याच माणसाने ठरलेल्या बाजूला टाकलेला चेंडू, आणि शेवटी कोणत्या बाजूला येईल हे ठाऊक नसलेला. प्रत्येक पायरी आधी उजवीकडे, मग डावीकडे. झेप केवळ कंबरेतून पिळवटून घेण्याची माझी जुनी खोड त्या शिडीवरच सुटली. आता मी आधी पाऊल टाकतो आणि ढुंगणाच्या स्नायूंच्या जोरावर ढकलतो.

हंगामाच्या अखेरीस संघातली वडीलधारी मंडळी ‘एखादे इंजेक्शन देऊन अंतिम सामन्यापुरता उभा करा’ म्हणत आपल्या दारी आली होती. आपण त्यांना चहा पाजून परत पाठवलेत. तेव्हा मी आपल्यावर चिडलो होतो, याबद्दल क्षमा मागतो.

संघातल्या धाकट्या गोलकीपरला मी वही दाखवली आहे. तो सोमवारी येईल, पण त्याचे दुखणे त्याने सांगितले त्यापेक्षा जुने आहे हे ध्यानात घ्यावे. माझा कंबरेचा पट्टा आठ महिन्यांपासून आईने घेतला आहे आणि तो बांधून ती पिठाचे डबे उचलते. तिला मी गुरुवारी घेऊन येतो. तिच्या तक्रारी ऐकायला थोडा अधिक वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

आपला नम्र,
मंगळवार पेठेतला एक गोलकीपर
कोल्हापूर