कितीपैकी किती?

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "बाबा, आकड्यांवरून काय हवं ते सिद्ध करता येतं. आरोग्याच्या बातम्यांवर मी आता विश्वासच ठेवत नाही, एकाही नाही." वाक्य झोकदार आहे. पण आत्ताआत्तापर्यंत तूच घरच्या ग्रुपवर 'हे खा, हृदयविकाराचा धोका निम्मा' असले मेसेज पाठवायचीस आणि आता ताकही फुंकून प्यायला लागली आहेस. मला या दोन्हीत फारसा फरक दिसत नाही. तेव्हा सगळं खरं होतं, आता सगळं खोटं. आकडा उघडून बघायचे कष्ट तेव्हाही नव्हते, आत्ताही नाहीत. रागावू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या बाजूने बोलतो, कारण तुझी बाजू लंगडी नाही.

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना एक इशारा दिला: तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. खोटं काहीच नव्हतं. अभ्यासांत तेच दिसलं होतं. पण 'दुप्पट' हा शब्द मथळ्यात गेला आणि घबराट पसरली, असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या. आता दुप्पट म्हणजे किती ते बघ. आधीच्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे 7000 बायकांमागे एकीला हा त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांनी दोघींना. सात हजारांत एक जास्तीची. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्तीचे झाले असा अंदाज आहे. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ज्या धोक्याला भिऊन गोळी सोडली, त्याच धोक्यात अनेकजणी आणखी खोल गेल्या.

मी ही गोष्ट नेहमी पहिली सांगतो, कारण तिच्यात खलनायक नाही. समितीने काही दडवलं नाही, वार्ताहरांनी काही रचलं नाही. फक्त 'कितीपैकी किती' हे कोणी विचारलं नाही. टक्के नेहमी कशाचे तरी असतात. ते 'कशाचे' गाळलं की चिमूटभर धोकाही डोंगराएवढा दिसतो.

2015 सालची प्रक्रिया केलेल्या मांसाची बातमी याच जातीची. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सांगितलं. जिथे मुळात शंभरांत साधारण सहाजणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, तिथे सहाचे अठरा टक्के म्हणजे जेमतेम एक. सहाचे सात. संस्थेने हे मांस तंबाखूच्याच गटात टाकलं म्हणून 'मांस सिगारेटइतकंच घातक' असे मथळे झाले. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा आहे, हा वेगळा प्रश्न.

हे झालं खऱ्या आकड्यांचं. आता बनवाबनवी. त्याच वर्षी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने मुद्दाम एक रद्दी अभ्यास केला. आहारात बदल करून सोबत रोज चॉकलेट खाल्लं तर वजन लवकर उतरतं, असा निष्कर्ष काढला, एका नियतकालिकात पैसे भरून छापून आणला, आणि तो अनेक देशांतल्या वृत्तपत्रांत झळकला. गंमत अशी की आकडे त्याने रचले नव्हते. खरीखुरी माणसं घेतली होती, फक्त पंधरा, आणि त्यांच्यावर अठरा गोष्टी मोजल्या होत्या: वजन, कोलेस्टेरॉल, रक्तातलं सोडियम, झोप, असं बरंच. गोम या अठरामध्ये आहे. निव्वळ योगायोगाने दोन गटांत एवढा फरक दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी असेल तर तो फरक 'लक्षणीय' म्हणायचा, असा संशोधनात प्रघात आहे. रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1925 साली तो रूढ केला (हे नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे). एक गोष्ट मोजली तर फसण्याची शक्यता वीसात एक. पण अठरा वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या तर त्यातली एखादी तरी उगाचच 'लक्षणीय' निघण्याची शक्यता साठ टक्क्यांवर जाते. हिशोब तूच करून बघ, 0.95 चा अठरावा घात काढून एकातून वजा कर. बोहॅननला वजन लागलं. नसतं लागलं तर झोप लागली असती, आणि मथळा 'चॉकलेटने गाढ झोप' असा झाला असता.

मेलेल्या माशाचंही असंच. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि त्याच्या मेंदूत 'हालचाल' सापडली. मेंदूत हजारो ठिकाणी मोजायचं आणि त्यातून योगायोगाने निघणाऱ्या फरकांसाठी हिशोबात दुरुस्ती करायची नाही, मग मेलेला मासाही विचार करतो. 2012 साली त्यांना या कामाबद्दल इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. योग्यच झालं.

मला स्वतःला मात्र या गमतींपेक्षा तिसरा प्रकार जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात शहाणी, प्रामाणिक, हुशार माणसं फसली. पाळी थांबल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं मोठमोठ्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसत होतं. डॉक्टर त्या आधारावर गोळ्या लिहून देत होते. मग अमेरिकेत 16,608 बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला खऱ्या गोळ्या, दुसऱ्याला औषध नसलेल्या हुबेहूब तशाच. जुलै 2002 मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार कमी न होता वाढला होता, आणि स्तनाचा कॅन्सरही. मग आधीच्या पाहण्या खोट्या होत्या का? नाही. पण स्वतःहून अशा गोळ्या घेणारी बाई बहुधा जास्त शिकलेली, बऱ्या परिस्थितीतली, कमी सिगारेट ओढणारी, डॉक्टरकडे वेळेवर जाणारी असते. तिच्या निरोगीपणाचं श्रेय गोळीने लाटलं. (वयाचाही प्रश्न होता. चाचणीत 79 वर्षांपर्यंतच्या बायका होत्या, आणि नुकतीच पाळी थांबलेल्या बाईचा हिशोब वेगळा पडतो, हे नंतर स्पष्ट झालं.)

आणि लगेच पहिला प्रश्न इथेही विचार. 'स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढला' अशी बातमी आली. कितीपैकी किती? वर्षाला दहा हजार बायकांत 30 च्या जागी 38. आठ जास्त. आठ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, त्या आठांत आपलं माणूस असू शकतं. पण 26 टक्के ऐकून येणारी धडकी आणि दहा हजारांत आठ ऐकून येणारी काळजी एकसारखी नसते, आणि निर्णय काळजीने घ्यावा.

बीटा कॅरोटिनची गोष्ट याहून कडू. ते भरपूर असलेल्या भाज्या आणि फळं खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 साली निकाल आला: बीटा कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर 18 टक्के जास्त. भाजी वेगळी, भाजीतल्या एकाच घटकाची गोळी वेगळी, आणि भाजी खाणारा माणूस तर आणखीच वेगळा.

रोज दहा हजार पावलांचं मी थोडक्यात उरकतो. तो आकडा कुठल्या चाचणीतून आलेला नाही. 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. पुढे सोळा हजारांवर वयस्क बायकांच्या एका अभ्यासात साधारण 7500 पावलांनंतर मृत्युदर आणखी कमी होताना दिसला नाही. तिथेही माझी एक शंका आहे: आजारी माणूस मुळातच कमी चालतो. पण तू चालायचं सोडू नकोस.

तपासण्यांबद्दल मात्र नीट वाच. समजा एक आजार शंभरात एकीला आहे. तपासणी आजारी असलेल्या दहापैकी नऊजणींना पकडते, आणि निरोगी बायकांपैकी नऊ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. एखादीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला आजार असण्याची शक्यता किती? 'नव्वद टक्के' हे उत्तर तोंडावर येतं. हजार बायका घे. दहा आजारी, त्यातल्या नऊ पकडल्या. उरलेल्या 990 पैकी 89 विनाकारण पकडल्या. एकूण 98 पॉझिटिव्ह, त्यात खऱ्या नऊ. म्हणजे अकरात एक. हे गणित डॉक्टरांनाही चकवतं, तेव्हा तुला चकवलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. रिपोर्ट आला की रात्रभर रडण्याआधी पुढची तपासणी करायची असते, आणि ती टाळायचीही नसते.

इथवर वाचून तू म्हणशील, मी तरी दुसरं काय म्हणत होते? म्हणून आता फिशर.

1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतून फुप्फुसाच्या कॅन्सरचे 649 पुरुष रुग्ण घेतले आणि तुलनेला दुसरे आजार असलेले तितकेच पुरुष. त्या काळी जवळजवळ सगळेच पुरुष सिगारेट ओढायचे, त्यामुळे फरक एका कोपऱ्यात लपला होता: कधीच न ओढणारे पुरुष कॅन्सरच्या गटात 2, दुसऱ्या गटात 27. अभ्यास चालू असतानाच डॉलने स्वतः सिगारेट सोडली.

आणि आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा फिशर 'सिगारेटमुळे कॅन्सर होतो' या निष्कर्षाविरुद्ध उभा राहिला. तो स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता, पण त्याचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. मुद्दा तुझाच होता: दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. कदाचित जनुकांत असं काही असेल की ज्याने माणसाला सिगारेटचीही ओढ लागते आणि कॅन्सरही होतो. हार्मोनच्या गोळ्यांबाबत आपण वर हेच म्हटलं ना? मग इथे ते का चालत नाही?

उत्तर 1959 साली जेरोम कॉर्नफील्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलं, आणि आकड्यांनीच दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर नऊपट होत असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या कारणामुळे असेल, तर ते कारण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त आढळलं पाहिजे. आहे असं जनुक? दाखवा. कोणालाच दाखवता आलं नाही. हार्मोनच्या गोळ्यांतला फरक इतका मोठा नव्हता, तेवढा शिक्षण आणि सुबत्ता सहज घडवू शकतात. नऊपट फरक अशा गोष्टींनी भरून निघत नाही. शिवाय जास्त ओढणाऱ्यांना जास्त होत होता, आणि सोडणाऱ्यांचा धोका उतरत होता.

हा फरक तुझ्या वाक्यात कुठे बसतो सांग. 'आकड्यांवरून काहीही सिद्ध करता येतं' हे वाक्य तंबाखू कंपन्यांना फार आवडलं असतं. त्यांना आपली बाजू सिद्ध करायचीच नव्हती, लोकांनी 'यात काही नक्की नाही बुवा' म्हणून पुढची सिगारेट पेटवावी, एवढंच हवं होतं. गोवराची लस आणि ऑटिझम यांचं नातं जोडणारा 1998 सालचा लेख बारा मुलांवर बेतलेला होता, तो 2010 साली मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलं पाहिली, नातं सापडलं नाही. 'सगळेच आकडे सारखे' म्हणणाऱ्याला बारा आणि साडेसहा लाख यांतला फरक कुठल्या तोंडाने सांगायचा?

पुढच्या वेळी एखादी बातमी खटकली तर 'सगळं खोटं' असं लिहून पाठवू नकोस. कितीजण होते, कितीपैकी किती, गट कसे पाडले, हे शोधून पाठव. मग भांडू.

तुझा,
बाबा

ता. क. : चॉकलेटवरून आठवलं. 2012 साली फ्रान्झ मेसर्ली या डॉक्टरने एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 23 देशांचा तक्ता दिला. दरडोई चॉकलेट जितकं जास्त, तितके लोकसंख्येच्या मानाने नोबेल विजेते जास्त, सहसंबंध 0.79 (1 म्हणजे दोन्ही अगदी एका रेषेत सोबत वाढणं). दर कोटी माणसांमागे एक विजेता वाढवायचा तर दरडोई वर्षाला सुमारे 400 ग्रॅम चॉकलेट जास्त खावं लागेल, असा हिशोबही केला. या दोन्हींमागे लपलेलं तिसरं कारण काय असेल ते मला कळव. आणि लेखाच्या शेवटी, लेखकाने आपले हितसंबंध जाहीर करायचे असतात त्या जागी, आपण रोज चॉकलेट खातो, अशी नोंद त्याने केली आहे.