जुनी पुस्तकं तपासायला माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या मागच्या कपाटातली पुस्तकं आता हाताळण्यापलीकडे गेली आहेत. पान उलटलं की कोपरा हातात येतो. म्हणून आम्ही ती स्कॅन करायला घेतली आणि कॉपीराइट संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या खुल्या ग्रंथालयात, चढवायला लागलो. लेखक हयात असताना छापलेल्या पुस्तकांवर त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे भारतात त्यांची अशी पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. (नंतरच्या आवृत्तीला दुसऱ्या कुणी प्रस्तावना लिहिली असेल, तर तिचा हिशेब वेगळा. ती पानं आम्ही सोडून देतो.)

स्कॅन झालं की काम संपलं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण स्कॅन म्हणजे नुसता पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकांना वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे मुकं होतं. फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणारं ओसीआर आहे, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे ते अडखळतं. ‘ख’ चा ‘रव’ करतं, ‘घ’ आणि ‘ध’ ची अदलाबदल करतं. एका लग्नाच्या प्रसंगात तर त्याने ‘आचाऱ्यांना’ चं ‘आचार्यांना’ करून टाकलं. शब्द शुद्ध, वाक्य बिनचूक, त्यामुळे पहिल्या तपासणीत ते सुटलं. दुसऱ्यांदा तपासणाऱ्या बाईंना प्रश्न पडला की जेवणावळीचं सामान आचार्यांच्या ताब्यात कशाला देतील? तेव्हा चूक सापडली.

ही दुसरी नजर विकिस्रोताच्या रचनेतच आहे. पडद्यावर एका बाजूला छापील पान, दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान हिरवं करता येत नाही. आमची लाल पानं भराभर पिवळी झाली, पण हिरवी होण्यासाठी माणसंच उरली नाहीत. खरी अडचण ही आहे.

आधी आम्ही वर्ड फायली एकमेकांना ईमेलने पाठवत होतो. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘हीच अंतिम’ अशा तीन फायली झाल्या आणि तिन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या! विकिस्रोतावर प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नोंदला जातो. त्याचा उपयोग लवकरच कळला. आमच्यातल्या एका उत्साही सदस्याने ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘असें’ यांवरचे सगळे अनुस्वार चुका समजून काढले. १९६२ च्या लेखननियमांनी ते गेले हे खरं, पण पुस्तक त्याआधीचं. छापलंय तसंच ठेवायचं, हा आपला एकमेव नियम. इतिहासात जाऊन ते बदल उलटवले आणि पुस्तक वाचलं.

हवं ते असं. मराठी नीट वाचता येणारी आणि मोबाइलवर का होईना, देवनागरी टाइप करू शकणारी माणसं. विकिस्रोतावर खातं उघडायला पैसे पडत नाहीत. दिवसाला एक पान पुरे. इंग्रजी पुस्तकांसाठी डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स हा स्वयंसेवी उपक्रम २००० सालापासून याच हिशेबावर चालला आहे. मुलंबाळं पुण्यात, दुबईत, बोस्टनला असतील तर त्यांनाही सांगा. या कामाला गावात असावं लागत नाही.

वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप कुणाकडे असेल तर द्यावा. सध्या एकावरच सगळं चाललंय आणि त्याचा ‘ळ’ दाबला तरी उमटत नाही, मराठीला हे परवडणारं नाही. स्कॅनिंगसाठी सपाट काच आणि इंटरनेटचा वार्षिक खर्च यासाठी रोख देणगीही चालेल, पावती मिळेल. माळ्यावर आजोबांची जुनी पुस्तकं असतील तर ती काही दिवसांसाठी द्या. बांधणी उसवणार नाही, पुस्तक परत मिळेल.

दर शनिवारी दुपारी ४ ते ६ आम्ही वाचन कक्षात बसतो. पहिलं पान आमच्यासोबत बसून करा, पुढची घरून होतील. जवळचा चष्मा आठवणीने आणा, जुना टाइप बारीक आहे.

कार्यकारी मंडळ,
सार्वजनिक वाचनालय