नाव पाठवलं, उत्तर नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

न्यायाधीश कुणी नेमायचे यावरून परवा टीव्हीवर कॉलेजियमची (म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाची) बाजू घेणारे आणि सरकारची बाजू घेणारे एकमेकांवर तुटून पडले होते. मध्येच मुलीने विचारलं, "बाबा, ह्या चॅनेलचा मालक कोण हो?" मला सांगता येईना.

आम्हा बेळगावकरांना हा वाद दिल्लीपुरता वाटत नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मतदान करतात. माझा घरच्या वाटणीचा दावाही वरच्या कोर्टात आहे. वकीलसाहेबांचा निरोप ठरलेला: "बोर्डावर आहे, पण नंबर लागणार नाही." न्यायाधीशच नेमले नाहीत तर नंबर लागणार कुठून?

२०१४ च्या ९९व्या घटनादुरुस्तीने कॉलेजियमच्या जागी न्यायाधीश नेमणूक आयोग आणला. सहा सदस्यांत खुद्द कायदामंत्री, आणि कुणीही दोघे अडून बसले की नाव बाद. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द केला. बरं झालं, असंच मी म्हणेन. सरकारविरुद्ध दाद मागायची आणि न्यायाधीश निवडायला त्यांचाच मंत्री! पण कॉलेजियमचाही कारभार दाराआडच. त्यांनी नाव दुसऱ्यांदा पाठवलं की सरकारला नेमावंच लागतं, हा १९९३ च्या निकालाचा दंडक. २०२१ मध्ये त्याला तीन-चार आठवड्यांची मुदतही घातली गेली. तरी फायली पडून राहतात. नाही म्हणायचं नाही, फक्त उत्तर द्यायचं नाही. ही युक्ती आम्हा सीमावासीयांना कुणी समजावून सांगायला नको.

चॅनेलांचंही तेच. राजकीय पक्षांना या धंद्यात येऊ देऊ नका, पेपर आणि चॅनेल एकाच गटाच्या हाती एकवटू देऊ नका, अशा शिफारशी 'ट्राय'ने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) ऑगस्ट २०१४ मध्येच केल्या होत्या. कायदा काही झाला नाही.

पेपरवाले निदान १९५६ च्या नियमांप्रमाणे दरवर्षी मार्चच्या तोंडावर 'फॉर्म नं. ४' छापत आले. त्यात मालकाचं नाव, एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं. पण टाईप इतका बारीक, की माझे वडील भिंग घेऊन बसायचे. शेजारी निविदा मात्र ठळक!

तेव्हा दोन विनंत्या. न्यायाधीशांच्या नेमणुकीची बातमी देताना नाव केव्हा गेलं आणि किती दिवस पडून आहे, तेही द्या. आणि आपल्या वृत्तपत्राच्या मालकीचं निवेदन यंदा पहिल्या पानावर, वाचता येईल अशा टायपात छापा.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव