आई-बाबा, फोनमध्ये एवढंच ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, टिपणं ठेवायला कुठलं अ‍ॅप घेऊ, असं तुम्ही विचारलंत. शेजारच्या काकांनी चार नावं सांगितली म्हणे. चारही घेऊ नका. लिहिलेलं चार ठिकाणी पांगलं की ऐन वेळी सापडत नाही, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ते सापडलंच पाहिजे.

लिहायची जागा एकच ठेवा : गुगल कीप. ते फुकट आहे आणि नेट नसतानाही उघडतं. चुकून टिपण पुसलं तरी सात दिवस कचरापेटीत राहतं, तिथून परत घेता येतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की एकच टिपण आपण तिघं पाहू शकतो. तुम्ही साताऱ्यात बीपीचा आकडा लिहिलात की मला इथे बेंगळुरूत दिसेल, आणि रोज फोन करून 'आज किती होतं?' असं विचारत बसावं लागणार नाही. आपण बोलू तेव्हा दुसरं काही बोलू.

पहिलं टिपण औषधांचं करा आणि पिन करून सगळ्यात वर ठेवा. पहिल्या ओळीत कशाची अ‍ॅलर्जी आहे ते. मग गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, कोणत्या डॉक्टरांनी कधीपासून दिली. बंद झालेली गोळी खोडू नका. तारीख घालून खाली 'बंद' म्हणून ठेवा, कारण नवे डॉक्टर नेमकं तेच विचारतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही तिथेच जोडा. गॅलरीत राहिला तर सुप्रभातच्या चित्रांखाली गडप होतो.

आई, तुला टाइप करायचा कंटाळा आहे ना? कीबोर्डला मराठी जोडून घे, माइक दाबून बोल. 'पोहे दोन किलो, शेंगदाणे एक किलो' छान उमटतं. औषधांची नावं मात्र बोलून टाकू नकोस. ती पाकिटावर बघून इंग्रजीतच टाइप करायची, एका अक्षराने गोळी बदलते. किराणा यादीला चौकटी घे. वस्तू आली की खूण कर, पुढच्या महिन्यात खुणा काढल्या की यादी पुन्हा तयार. भिशीचा हिशेब तुझ्या वहीतच राहू दे. तिथे बायका सह्या करतात, ते फोनवर कशाला?

गोळ्यांच्या वेळेसाठी वेगळं अ‍ॅप नको. फोनच्या घड्याळातल्या गजराला नाव देता येतं : 'बाबा, बीपीची गोळी'. तो नेटशिवायही वाजतो. वर्षातून एकदाच येणाऱ्या गोष्टी, म्हणजे घरपट्टी, विम्याचा हप्ता, बाबांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, या कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी' करून टाका. आठवण पंधरा दिवस आधीची लावा.

कागदपत्रांसाठी सरकारचं डिजिलॉकर. रेल्वेत त्यातलं आधार किंवा लायसन्स ओळखपत्र म्हणून चालतं, पण ते 'इश्यूड' विभागात, म्हणजे सरकारी खात्याकडून थेट आलेलं हवं. आपण फोटो काढून चढवलेलं चालत नाही.

काकांच्या यादीतलं एव्हरनोट चांगलं होतं, पण डिसेंबर २०२३पासून फुकटात पन्नासच टिपणं ठेवता येतात. म्हणून कुठल्याही अ‍ॅपवर सगळा भार टाकू नका. औषधांची यादी कागदावरही लिहून आईच्या पर्समध्ये असू द्या. फोन बंद पडला तर तीच कामाला येईल.

दोन गोष्टी अगदी निक्षून सांगते. एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड कीपमध्ये कधीही लिहायचा नाही, कारण टिपणाला वेगळं कुलूप लावता येत नाही. आणि अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली, तर ती ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी उघडू नका, आधी मला फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३०वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवायचं. हा नंबर फोनमध्ये आत्ताच साठवा.

या रविवारी औषधांचं टिपण सुरू करा आणि माझा ईमेल टाकून मला त्यात जोडा. आई, तुझी थायरॉइडची गोळीही लिही. तुझं नेहमी बाबांच्या यादीत राहून जातं.

तुमची,
लेक